सुरुवातीची तीन मिनिटं

जळगाव,
८ जानेवारी २०२४

तीर्थरूप रुपचंदनाना,

मी हेमांगी, प्रेमराज ऑर्गनवाल्यांची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तुमच्या गरम सोल्डरिंगला हात लावून बोट भाजून घेतलं होतं. तो डाग अजून आहे. आता मी इथल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, म्हणजे रोजच सोल्डरिंगशी गाठ पडते.

तुमचा नंबर मिळवून तीन वेळा फोन लावला. वाजतो, पण कुणी उचलत नाही. म्हणून पत्र.

आबांना चार वर्षांपासून कंपवात आहे. हात थरथरतात, आवाज बसलाय, आणि आता फुप्फुसांनीही कुरकुर सुरू केली आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या पावसाळ्याचा विचार करू नका. आबांना हे सांगितलेलं नाही, पण त्यांना कळलेलं दिसतं. परवा म्हणाले, ऑर्गन एकदा फिरत्या पेटीतून ऐकायचाय.

१९९१ साली तुमचा ऑर्केस्ट्रा फुटला तेव्हा ऑर्गन आमच्याकडे राहिला आणि त्याची स्पीकरची फिरती पेटी तुम्ही धुळ्याला नेलीत, एवढं मला ठाऊक आहे. पेटीतला भोंगा गरगर फिरायचा आणि सूर लांब जाऊन परत आल्यासारखा वाटायचा, हेही आठवतं. भांडण कशावरून झालं ते घरात मला कुणी धड सांगितलं नाही. आई होती तोवर "चोपड्याचं लग्न" एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची.

नाना, ती पेटी अजून आहे का? असेल तर द्याल का? आणि जमलं तर तुम्हीच या ना. जोडणी तुम्हीच कराल, आणि आबांना भेटणंही होईल.

आपली,
हेमांगी


धुळे,
१३ जानेवारी २०२४

चि. हेमांगी,

आशीर्वाद. तुझं भाजलेलं बोट आठवतं. तू रडली नव्हतीस, तुझा बापच रडायच्या बेतात आला होता.

पेटी आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत आहे, तिच्यावर मी वायरची बंडलं ठेवतो. मोटार कुलरची आणि पट्टा शिलाई मशीनचा, पण तिच्यासारखी पेटी तेव्हा मुंबईवाल्यांकडेही नव्हती. स्वतःची बनवलेली वस्तू म्हणून सांगत नाही. बरं, म्हणूनच सांगतो.

आता चोपड्याचं लग्न काय ते ऐक, तुझ्या आईनं नाही सांगितलं तर मी सांगतो. चोपडा गावात लखीचंद शेठच्या मुलीचं लग्न. पाचशे माणूस मांडवात. तिसऱ्या गाण्याला ऑर्गनमधून धूर निघाला आणि सगळं बंद पडलं. तुझा बाप माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाला, मेस्त्री पिऊन आला आणि तारा उलट्या जोडून गेला. पोरी, मी चहापलीकडे काही पीत नाही, तेव्हाही पीत नव्हतो. त्याच दिवशी पेटी टेम्पोत घातली आणि धुळ्याला आलो.

पेटी पाठवतो. सोनगीरचा माझा पुतण्या, त्याचं नाव नवीन, टेम्पो चालवतो, त्याच्याबरोबर येईल. मी येणार नाही. प्रेमनं त्याच्या तोंडानं घालवलं, त्याच्या तोंडानं बोलावलं तर येईन. मुलीच्या पत्रानं नाही. याचा राग मानू नकोस.

फोन करत जाऊ नकोस. फोनवर माणसं "हो हो" म्हणतात आणि मग चुकीची तार जोडतात. जे असेल ते लिहून कळव.

रुपचंद


जळगाव,
२४ जानेवारी २०२४

तीर्थरूप नाना,

पेटी आली. नवीनभाऊंनी आणि मी मिळून ती आत घेतली तेव्हा आबा खुर्चीत सरळ बसले, असे ते महिनाभरात बसलेले नाहीत. तुम्ही सागवान पॉलिश केलंय आणि पट्टाही नवा घातलाय, हे त्यांनी लगेच ओळखलं. त्यांनी पेटीच्या जाळीला कान लावला. बंद पेटीत काय ऐकत होते कोण जाणे.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. दाखवू नये असं वाटत होतं, पण आबा म्हणाले सगळं वाच, काही गाळू नको. चोपड्याच्या मजकुरापाशी ते मान खाली घालून बसले. "त्याच्या तोंडानं बोलावलं तर येईन" हे वाचलं तेव्हा म्हणाले, "मना तोंडातून आते आवाजच कोठे निंघस?" म्हणजे नाही म्हणाले नाहीत, नाना. तेवढं लक्षात घ्या.

पेटीतून दोन केबल निघाल्यात, एक काळी, एक पांढरी. आबांना जुनी एकच जाडी केबल आठवते. आता कोणती कुठे लावू?

हेमांगी


धुळे,
२९ जानेवारी २०२४

चि. हेमांगी,

नीट वाच, दोनदा वाच, मग हात लाव. तुला करंट बसला तर तुझा बाप पुन्हा माइक शोधायला निघेल.

पहिलं म्हणजे ऑर्गन एकशेदहा व्होल्टचा आहे, भुसावळच्या जुन्या क्लबातल्या लिलावातला अमेरिकन माल. लोखंडी ट्रान्सफॉर्मर मध्ये असल्याशिवाय भिंतीतल्या सॉकेटला लावायचा नाही. आत तेल वाळलं असेल. शिलाई मशीनचं तेल घाल, आतल्या दोऱ्याच्या वाती भिजेपर्यंत, आणि दोन दिवस तसाच राहू दे. सुरू करताना पहिलं बटण आठ मोजेपर्यंत दाबून धर, मग दुसरं लाव. घाई केलीस तर चक्र फिरणार नाही.

पांढऱ्या केबलमध्ये वीज आहे, ती मोटारींची. तिच्या टोकाला मी बटणाची डबी दिली आहे. ती डबी डाव्या बाजूला, खालच्या पट्ट्यांच्या कडेला बसव, प्रेमचा डावा हात न बघता पोचेल अशी. खाली केलं की भोंगा मंद फिरतो, वर केलं की जलद. जलद करताना एकदम वेग घेत नाही, हळूहळू चढतो. तो चढतानाचा आवाजच त्याला हवा असतो.

काळ्या केबलमध्ये फक्त आवाज. ऑर्गनची मागची फळी काढ, आतल्या स्पीकरला जाणाऱ्या दोन तारा सोडव आणि काळीच्या दोन तारांना जोड. लालला लाल. हिरवी तार अर्थिंगची, ती ऑर्गनच्या लोखंडी सांगाड्याला. ती राहिली तर पेटीतून नुसती घरघर येत राहील.

पूर्वी एकाच जाड्या केबलमध्ये वीज आणि आवाज दोन्ही होते, आणि प्लग गोल होता. त्याची खाच झिजली होती. जोर लावला तर तो उलटाही बसायचा, आणि उलटा बसला की मोटारीची वीज ऑर्गनच्या पोटात जायची. असा प्लग ठेवणाऱ्याचीच ती चूक. माझी. हे प्रेमला वाचून दाखव. आता दोन्ही प्लग वेगळ्या आकाराचे आहेत, कुणीही घाईत लावले तरी चुकणार नाहीत.

रुपचंद


जळगाव,
११ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप नाना,

वाजला!

मला अकरा दिवस लागले. तेल दोनदा घालावं लागलं आणि लालला लाल जोडायचं एवढं सोपं काम मी आधी चुकवलंच. अर्थिंग विसरले नाही. काल दुपारी आबांना खुर्चीसकट ऑर्गनसमोर नेलं, आठ मोजले, दुसरं बटण लावलं. आतून मोठं घड्याळ चालल्यासारखा आवाज आला. आबांनी उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि डाव्या हातानं डबी वर केली. न बघता. भोंगा वेग घेत गेला आणि सगळं घर त्या सुरात भरलं. शेजारच्या मोहिनीकाकू पोळपाट टाकून दारात आल्या.

तुम्हाला एक सांगते. आबांची बोटं पट्ट्यांवर थरथरतात, सूर एकसारखा राहत नाही. पण त्या पेटीत सगळेच सूर थरथरतात. ऐकणाऱ्याला त्यांचा आजार कळतच नाही. ते वीस मिनिटं वाजवत होते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

प्लगबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी वाचून दाखवलं तेव्हा आबांनी तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वाजला की रेकॉर्ड कर आणि रुपाला पाठव. त्यानं ऐकून बरोबर म्हटलं तरच बरोबर, त्याच्या कानापुढे माझा कान काही नाही.

तो पेनड्राइव्ह नवीनभाऊंबरोबर पाठवते आहे, ते केळी भरायला इकडे आले आहेत. नाना, सुरुवातीपासून ऐका. मधूनच लावू नका. आबांनी मला याहून जास्त काही लिहू दिलेलं नाही. उत्तर लवकर पाठवा, ते रोज पोस्टमनची वाट बघतात.

हेमांगी


धुळे,
१६ फेब्रुवारी २०२४

चि. हेमांगी,

पेनड्राइव्ह मिळाला. दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला.

जोडणी बरोबर आहे. शाबास. मंद बरोबर, जलद बरोबर, वेग चढतो तोही हवा तसाच चढतो. प्रेमला सांग, बरोबर आहे म्हणून. पट्टा किंचित सैल वाटतो, मोटारीचा एक नट अर्धा फेरा आवळ.

फक्त सुरुवातीची तीन मिनिटं नुसती घरघर आहे. त्यात काही दम नाही, ती पुसून टाक. अर्थिंगची तार सैल असेल, घासून पुन्हा बसव. एवढ्यासाठी मला बोलवायची गरज नाही. पेटी झाली, आता तिथे माझं काही काम उरलं नाही.

प्रेमला म्हणावं, वाजवत राहा.

रुपचंद


जळगाव,
२० मार्च २०२४

श्री. रुपचंद मेस्त्री यांस,

आबा ३ मार्चला गेले. तुम्हाला त्या वेळी कळवलं नाही, कळवायचं नव्हतं.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. आधी नजर टाकायला हवी होती, पण आनंदात होते, दारातच फोडलं आणि मोठ्यानं वाचत सुटले. वाचता वाचता काय वाचते आहे ते कळलं, तोपर्यंत वाचून झालं होतं. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "बराबर शे त्यानं." मग ऑर्गन झाकायला सांगितला. त्यानंतरचे दहाबारा दिवस मी रोज विचारायचे, आबा, लावू का? ते मान हलवायचे, नको. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नेलं, तिथेच गेले.

तुम्हाला राग धरण्याचा हक्क होता. तेहतीस वर्षं लोकांनी तुम्हाला दारुडा समजलं असेल, मी नाकारत नाही. माफ करायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. पण मरणाऱ्या माणसाला असं? घरघर? पुसून टाक?

मी पुसलेलं नाही आणि पुसणारही नाही. पेटी तुमची आहे. नवीनभाऊ कधी येतील ते कळवा, घेऊन जाऊ द्या.

हेमांगी


धुळे,
२५ मार्च २०२४

हेमांगी,

तुझं पत्र मी सकाळपासून हातात घेऊन बसलो आहे. प्रेम गेला हे वाचलं आणि पुढचं काही समजेना. कसला राग? कसली माफी? मी काय केलं?

तुला खरं सांगतो. आता लपवून कुणासाठी लपवायचं. मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. जन्मभर स्पीकरच्या पुढ्यात उभा राहिलो, दुसरं काय होणार. नवीनला वाटायचं म्हाताऱ्याला थोडं कमी ऐकू येतं. मी माणसांच्या ओठांकडे बघतो आणि बिघडलेला माल हातानं ओळखतो. गिऱ्हाईकाला कळत नाही. म्हणून तुला म्हणालो फोन नको.

तुझा पेनड्राइव्ह लावला आणि स्पीकरच्या पडद्यावर तळहात ठेवून बसलो. सूर मला हाताला कळतो. भोंगा मंद फिरतो की जलद, तेही कळतं. ते मी खोटं लिहिलं नव्हतं. पण सुरुवातीला पडदा नुसता बारीक थरथरत होता, मध्येच थांबायचा, पुन्हा थरथरायचा. सूर नव्हता. अर्थिंग सैल असली की हाताला असंच लागतं. मी लिहून मोकळा झालो.

तुला तेव्हाच लिहायचं होतं की मी बहिरा आहे. पण तू लिहिलंस की प्रेम म्हणतो, रुपाचा कान. साऱ्या जगाला सांगितलं असतं, त्याला सांगवेना. त्याला एवढं तरी वाटू दे की माझा कान शाबूत आहे, असं वाटलं.

तुझं पत्र आल्यावर नवीनला बोलावून खरं सांगितलं आणि ती तीन मिनिटं ऐकायला लावली. तो अर्ध्यातून उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. कागदावर एवढंच लिहून दिलं, "काका, माझ्यानं नाही लिहवणार. हेमांगीताईंना विचारा."

त्यात काय आहे ते लिहून पाठव, पोरी. जसं आहे तसं. काही गाळू नकोस.

रुपचंद


जळगाव,
२ एप्रिल २०२४

नाना,

तुमचं पत्र वाचलं. मागच्या पत्रात मी काय काय लिहिलं ते आठवून स्वतःची लाज वाटली. पण त्याहून मोठी गोष्ट मला खाते आहे. धुळे काही परदेशात नाही. तुमचं ते पत्र आल्यावर मी बसमध्ये बसून अडीच तासांत तुमच्या दुकानात आले असते आणि तुमच्यासमोर उभी राहून विचारलं असतं तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं. आबा अजून दहाबारा दिवस होते. मी आले नाही. मला तुमचा राग आला होता आणि मला तो बरोबर वाटत होता.

आता आबांचं. मी मोबाइल त्यांच्या ओठांजवळ धरला होता, एवढा आवाज बारीक झाला होता. मध्ये मध्ये दम लागत होता, म्हणून थांबलेत. तुम्ही लिहिलं होतंत ना की त्याच्या तोंडानं बोलावलं तर येईन. मी म्हटलं होतं, आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. ते म्हणाले नको, रुपानं तोंडानं म्हटलंय. जसं बोलले तसं उतरवते आहे.

"रुपा भो, मी प्रेम बोली राहिनू. चोपडाले तो प्लग मीच उलटा लावा व्हता. तू चहा पियाले गयथा. माले घाई व्हती, मी जोर करीसन बसाडा. धूर निंघना तव्हाच माले समजनं व्हतं. पन मी माइकवर तुनं नाव लिधं. बठ्ठासमोर. मेस्त्री पियेल शे म्हने. मनी हिंमत नही व्हयनी खरं सांगानी. दुसरा दिन सांगसू, असं करता करता तेहतीस वरीस गयात. तू पत्रमा लिखं, चूक मनी. तुनी नही रे. मनी शे. माले माफ कर नही ते नको करू, पन एक डाव ये. काही बोलू नको. मी वाजाडस, तू आयक. मी वाट दखी राहिनू."

बस, एवढंच. मग ऑर्गन सुरू होतो.

नाना, शेवटचे दहाबारा दिवस आबांना वाटत होतं की तुम्ही हे सगळं ऐकलं आणि तसं उत्तर दिलं. हे तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं. पण तुम्ही म्हणालात काही गाळू नकोस.

हेमांगी


धुळे,
६ एप्रिल २०२४

चि. हेमांगी,

तू आली नाहीस म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. बहिरा मी, खोटं मी बोललो. पेटी परत पाठवू नकोस, तिची जागा ऑर्गनशेजारीच.

पुढचं प्रेमसाठी आहे. त्याच्या फोटोपुढे उभी राहा आणि मोठ्यानं वाच. तो ऐकणार नाही हे मला कळतं. तो बोलला तेव्हा मीही कुठे ऐकलं. तरी वाच. आम्ही दोघं आपल्या खान्देशीतच बोलायचो, पण ती मला लिहायला जमत नाही, म्हणून असंच.

प्रेम,

प्लग तू उलटा लावलास हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मांडवातच प्लग काढून बघितला, खाचेचा तुकडा मोडून आत पडला होता. तो खिशात घातला आणि गप्प बसलो. तू माइकवर बोलून चुकला होतास. मी तिथे खरं सांगितलं असतं तर पाचशे माणसांपुढे तू खोटा पडला असतास, आणि तुला पुन्हा कुणी लग्नाला बोलावलं नसतं. तुला लहान पोर होती. म्हटलं, जाऊ दे, दोन दिवसांनी हा स्वतःच येईल.

मला राग आला नाही असं नाही. खूप आला. कुणी मला ऑर्केस्ट्रात घेतलं नाही, सासुरवाडीचे लोक तोंडाचा वास घ्यायचे. दहा वर्षं तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. पुढे शिव्याही संपल्या. तुझी वाट मात्र बघत राहिलो. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की आधी वाटायचं, प्रेम असेल. प्लगची चूक माझी असं मी पत्रात लिहिलं ना, ती माझी माफीच होती रे. मला तसंच बोलता येतं.

आणि तू तर बोलावलंस. श्वास पुरत नव्हता तरी तीन मिनिटं बोललास. तू बोलत होतास तेव्हा माझा तळहात तुझ्या आवाजावर होता आणि मी त्याला घरघर म्हणालो. तू ते खरं मानून गेलास. आता मी कुणाला सांगू?

मी ऐकलं नव्हतं, प्रेम. ऐकू आलं असतं तर दुकान उघडं टाकून त्याच दिवशी निघालो असतो.

रुपा